मोटरसायकल की बस-रेल्वे : हिशेब थांबल्यावरचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाठीवर सॅक टाकून बस-रेल्वेने फिरावं की स्वतःच्या मोटरसायकलवर निघावं, यावर पर्यटनाच्या पुरवण्यांतून सारखं काही ना काही येत असतं. त्यात मोटरसायकलच्या वाट्याला स्वातंत्र्य येतं आणि बसच्या वाट्याला काटकसर. अनेक महिन्यांच्या, अनेक देशांच्या प्रवासाला निघणारे लोक ही वाटणी खरी धरून वाहन निवडतात आणि बेत पहिल्या दोन सीमांवरच कोलमडतो. म्हणून सविस्तर लिहीत आहे. जागा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

मोकळीक दोन्ही प्रवासांत आहे, फक्त ती मिळण्याची वेळ वेगळी आहे. मोटरसायकलवाला चाक फिरत असेपर्यंत मोकळा असतो. फाटा दिसला की वळतो, उतारावर तळं दिसलं की थांबतो, पुढच्या गावी जायचं नसेल तर जात नाही. पण गाडी स्टँडवर लावली की तो तिला बांधला जातो. बसवाला प्रवासभर दुसऱ्याच्या वेळेला बांधलेला असतो. उतरून सॅक खांद्यावर घेतली की मागे त्याचं काहीच राहत नाही. तेव्हा आपल्या प्रवासाचं सार रस्त्यात आहे की मुक्कामांत आहे, हे आधी ठरवायला हवं. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावर जायचं असेल तर रस्ता हाच प्रवास आहे, आणि तिथे स्वतःचं वाहन असण्याला तोड नाही. शहरं, संग्रहालयं, बेटं, डोंगरातल्या पायवाटा बघायच्या असतील तर मोटरसायकल बहुतेक दिवस उभीच राहते, आणि उभ्या गाडीचीच काळजी जास्त.

पायवाटांचंच बघा. दरीच्या एका तोंडाने चढायचं, खिंड ओलांडायची आणि पाचव्या दिवशी पलीकडच्या गावात उतरायचं, असा ट्रेक मोटरसायकलवाल्याला सहजी जमत नाही, कारण गाडी अलीकडच्या गावात असते. पलीकडे उतरलाच तर तिच्यासाठी शेवटी बसच शोधावी लागते. नदीतून होडीने खाली जाणं, एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात उतरणं, या सगळ्याचं तेच. प्रत्येक आडवाट त्याला निघाल्या जागी परत आणते. महिनाभराच्या बेतात अशा किती वाटा आहेत ते नकाशावर मोजून बघावं. तीन-चारपेक्षा जास्त निघाल्या तर गाडी न नेलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजारपणाचंही असंच आहे. बसवाल्याला ताप आला तर तो चार दिवस झोपून राहतो, नाहीतर तडक विमानतळ गाठतो. मोटरसायकलवाल्याला आधी गाडीची सोय लावावी लागते. काही देशांत गाडीची नोंद मालकाच्या पासपोर्टवर होते. मग गाडी मागे ठेवून देशाबाहेर पडायचं तर ती कस्टम्सच्या ताब्यात देऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. घरी कुणाचं काही बरंवाईट झालं तर या एका नोंदीपायी दोन दिवस जातात.

आता कागदपत्रं. घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं, आणि लेखांत याला एखादं वाक्य मिळतं.

माणसाला व्हिसा लागतो तशी गाडीलाही तात्पुरत्या आयातीची परवानगी लागते. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत ती सीमेवरच एका कागदावर मिळते. तिची मुदत व्हिसाच्या मुदतीइतकीच असेल असं धरून चालू नये, दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात. इराण, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांसाठी कारनेट, म्हणजे गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारी कस्टम्सची पुस्तिका, लागतं. आपल्या देशातली मोटार-संघटना ते देते. गाडीच्या किमतीच्या हिशेबाने अनामत ठेवावी लागते आणि कारनेटची मुदत एक वर्षाची असते. पुस्तिका पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते आणि प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग तिथलं कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा पुस्तिकेतच राहतो. या तिसऱ्या भागावर आगमन आणि निर्गमन असे दोन्ही शिक्के हवेत. निर्गमनाचा शिक्का नसेल तर गाडी त्या देशात विकली असं धरलं जातं, आयातशुल्काची मागणी संघटनेकडे येते आणि संघटना ते तुमच्या अनामतीतून वळतं करते. गर्दीच्या नाक्यावर चुकीचा भाग फाटणं किंवा शिक्काच राहून जाणं हे सर्रास घडतं. त्यामुळे खिडकीपासून हलण्याआधी पुस्तिका उघडून तारीख, शिक्का, सही आणि चासी नंबर बोट ठेवून वाचावा. शिक्का राहिल्याचं पुढच्या देशात लक्षात आलं तर तिथल्या कस्टम्सकडून किंवा आपल्या वकिलातीकडून गाडी अमुक तारखेला इथे प्रत्यक्ष पाहिली असं प्रमाणपत्र घेता येतं. त्यावर कारनेट मोकळं होऊ शकतं, पण वेळ बराच जातो.

वाहन परवान्याचंही नीट बघावं. आंतरराष्ट्रीय परवाने दोन करारांखाली निघतात, १९४९चा जिनिव्हा करार आणि १९६८चा व्हिएन्ना करार. पहिल्याची मुदत एक वर्षाची, दुसऱ्याची जास्तीत जास्त तीन वर्षांची. जपान फक्त १९४९चा मानतो. परवान्यात ‘ए’ या वर्गासमोर शिक्का असेल तरच मोटरसायकल चालवता येते. नुसता चारचाकीचा शिक्का असताना मोटरसायकल चालवून अपघात झाला, तर कायद्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना आहात आणि विमा कंपनी हात वर करते. प्रवासविम्याच्या अटींत मोटरसायकलसाठी बरेचदा १२५ सीसीची मर्यादा असते, तीही आधी वाचावी. बसने जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि विमा, एवढ्यात त्याचं भागतं.

काही ठिकाणी रस्ताच नाही. पनामातलं याविझा आणि कोलंबियातलं तुर्बो यांच्यामध्ये साधारण शंभर किलोमीटरचा दारिएनचा पट्टा आहे. तिथे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारा पॅन-अमेरिकन महामार्ग तुटतो, गाडी विमानाने किंवा जहाजाने पलीकडे न्यावी लागते. चीनमध्ये परदेशी मोटरसायकल न्यायची तर तिथल्या एजन्सीमार्फत सोबत वाटाड्या, तात्पुरता परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट हे सगळं आधी ठरवावं लागतं. त्याच चीनमध्ये सॅकवाला साधं रेल्वेचं तिकीट काढून फिरतो. मोटरसायकलवरची पहिली जगप्रदक्षिणा १९१२-१३ मध्ये कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी या अमेरिकन माणसाने हेंडरसन गाडीवर केली, असं मानतात. समुद्र त्यालाही जहाजानेच ओलांडावे लागले. तेव्हा गाडी पाठवण्याचा खर्च आणि वेळ हा लांबच्या प्रवासाचा भागच समजावा.

हा खर्च कुठे वाचतो ते आकड्यांत सांगते. विमानाने माल पाठवताना खरं वजन आणि आकाराचं वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं लागतं. आकाराचं वजन काढायला पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,०००ने भागतात. २१० बाय ८० बाय ११०ची पेटी केली तर ते ३०८ किलो भरतं, मग आत १७० किलोची गाडी का असेना. पुढचं चाक, आरसे आणि विंडस्क्रीन काढून, हँडल सोडवून टाकीवर आडवं बांधलं आणि पेटी १९० बाय ७० बाय ९५ वर आणली, तर तेच २११ किलो होतं. म्हणजे दोन-तीन तासांच्या पान्याच्या कामात जवळजवळ एक तृतीयांश भाडं वाचतं. लाकूड प्रक्रिया केलेलं आणि ‘आयएसपीएम १५’ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का असलेलं हवं, नाहीतर पेटी उतरवून घेत नाहीत. टाकी जवळपास रिकामी हवी, बॅटरीच्या वायरी सोडवून टोकांना टेप लावलेली हवी आणि धोकादायक मालाचं घोषणापत्र भरलेलं हवं. समुद्रमार्गे भाडं कमी दिसतं, पण उतरण्याच्या बंदरातले हाताळणीचे आकार कित्येकदा मूळ भाड्याच्या वर जातात. दर विचारताना ‘उतरण्याच्या बंदरातले सगळे आकार धरून’ असं लेखी विचारावं.

हे सगळं सांगितलं म्हणजे बस-रेल्वेचा प्रवास सोपा आहे असं नाही. त्याचंही एक शास्त्र आहे आणि ते न कळल्यामुळे लोक स्टँडवर अर्धा-अर्धा दिवस घालवतात.

मोठ्या शहरांमधल्या गाड्या वेळापत्रकावर सुटतात. डोंगराळ आणि दूरच्या भागांत वडाप पद्धतीच्या गाड्या असतात, भरली की सुटली. या गाड्यांचा दिवस समजून घ्यावा. चालक बहुधा खेड्यातच राहतो. पहाटे तो गावकऱ्यांना बाजाराच्या गावी घेऊन येतो आणि दुपारी त्यांची कामं उरकली की परत नेतो. म्हणून खेड्यात जायचं असेल तर तालुक्याच्या ठिकाणी दुपारच्या आत पोचलं पाहिजे, आणि खेड्यातून निघायचं असेल तर उजाडण्यापूर्वी उठलं पाहिजे. सकाळी दहाला खेड्यातल्या थांब्यावर जाऊन उभं राहणाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच मिळत नाही, आणि मग तो सार्वजनिक वाहतुकीला नावं ठेवतो. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त, सणाच्या दिवशी जवळपास नाहीत. पोचल्याबरोबर परतीची पहिली गाडी किती वाजता आणि कुठून, एवढं चालकालाच विचारून घ्यावं. जमलं तर जागा तिथेच सांगून ठेवावी. एकाच गावात दिशेप्रमाणे दोन-तीन वेगळे स्टँड असतात, म्हणून गावाचं नाव सांगून ‘तिकडची गाडी कुठून सुटते’ असं विचारावं. नुसतं ‘बसस्टँड कुठे’ विचारलं तर लोक जवळचा स्टँड दाखवतात.

सीमा ओलांडताना थेट बस सोयीची वाटते, पण तिचा एक तोटा आहे. सीमेवर ज्याचा व्हिसा तिथेच काढायचा आहे, त्याच्यासाठी बस फार वेळ थांबत नाही. अशा वेळी टप्पे पाडावेत. अलीकडच्या शेवटच्या गावापर्यंत एक गाडी, पायी नाका, पलीकडून दुसरी गाडी. मात्र तो नाका परदेशी प्रवाशांना खुला आहे आणि पायी ओलांडू देतात, याची खात्री आधी करावी. काही नाके फक्त दोन्ही बाजूंच्या स्थानिकांसाठी असतात.

रात्रीच्या बसने मुक्कामाचा खर्च वाचतो हे खरं, पण ती पहाटे चारला उतरवणार असेल तर तो वाचलेला खर्च दुसऱ्या दिवसाच्या थकव्यात जातो. आठ तासांपेक्षा कमी अंतराला रात्रीची बस घेऊ नये. बसायला दोन्ही चाकांच्या मधली जागा धरावी, मागच्या चाकाच्या मागे बसलात तर प्रत्येक खड्ड्याला उडाल. रेल्वेत ही अडचणच नाही. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९,२८९ किलोमीटर रेल्वे साधारण एका आठवड्यात नेते आणि तुम्ही झोपता, वाचता, लोकांशी बोलता. तेवढंच अंतर मोटरसायकलवर रोज ३५० किलोमीटरने काढलं तरी जवळजवळ सत्तावीस दिवस हँडल धरून बसायचं. युरोपात १९७२पासून अनेक देशांच्या रेल्वेने फिरण्यासाठी इंटररेलचा पास आहे, तो घेतला की कुठेही बसता येतं असा समज आहे. फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या शयनयानांना वेगळं आरक्षण लागतं. पास असलेल्यांसाठीच्या जागा मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात.

सॅकबद्दल एकच कसोटी पुरेशी आहे. भरलेली सॅक स्वतःची स्वतःला बसच्या टपावर चढवता आली पाहिजे. चाळीस लिटरची सॅक आणि आठ-दहा किलो, याच्यावर गेलं की तिचं लोढणं होतं. जड वस्तू पाठीला लागून आणि मध्यभागी ठेवाव्यात, कमरपट्टा आधी आवळावा, खांद्याचे पट्टे नंतर, म्हणजे भार कमरेवर बसतो. वरून घालायचं पावसाळी कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, पाणी तिथून उतरतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं तिच्यात भरणं जास्त खात्रीचं.

आता मोटरसायकल. गाडी फार मोठी घेतली जाते, ही पहिली चूक. भरलेली गाडी वाळूत आडवी झाली आणि आजूबाजूला कुणी नाही, अशा वेळी ती एकट्याने उभी करता येते का, हा गाडी निवडण्याचा निकष असावा. उंचीवर ताकद कमी होणार हेही धरून ठेवावं. पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण साठ टक्केच दाट असते, त्यामुळे इंजिनाची ताकद चाळीसेक टक्क्यांनी उतरते. फ्युएल इंजेक्शन असलं तर पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळतं, पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. कार्ब्युरेटरची गाडी त्यातून जास्त पेट्रोल ओढते, प्लग काळा पडतो आणि सकाळी सुरू व्हायला कुरकुरते.

पेट्रोलचा हिशेब सपाट रस्त्यावरच्या ॲव्हरेजवर करू नये. टाकी बारा लिटरची आणि ॲव्हरेज पस्तीसचं असेल तर कागदावर ४२० किलोमीटर होतात. समोरचा वारा, सामान आणि चढ यांसाठी पाव भाग कापला की ३१५ उरतात. दोन पंपांमधलं अंतर ३०० पेक्षा जास्त असेल तर सोबत कॅन हवा. तोही काठोकाठ भरू नये, उन्हाने पेट्रोल फुगतं.

वाटेत गाडी ज्या गोष्टींनी अडते, त्यांत इंजिन फार क्वचित असतं. चेन, टायर, केबल आणि बॅटरी, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी. चेनचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्रांच्या, मध्यावर चेन बोटाने वर-खाली करून बघावी. बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर ढील लागते, नेमका आकडा मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या स्टिकरवर असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक थोडं-थोडं फिरवून जिथे ती सगळ्यात ताठ असेल तिथे माप घ्यावं. सैल जागी माप घेऊन ताणली, तर चाक फिरून ताठ जागा आल्यावर ती तारेसारखी होते. सामान चढवलं की मागचा दांडा वर येतो आणि चेन आणखी ताणली जाते. अशी ताठ चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि ते बेअरिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं. सैल चेन फार तर उतरते. तेव्हा शंका असेल तर किंचित सैल ठेवावी. रॉकेलने पुसून, दिवसाचा प्रवास संपल्यावर चेन गरम असतानाच तेल द्यावं. ते आत मुरतं आणि रात्रभरात जास्तीचं गळून जातं. जोडकडीला क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन फिरण्याच्या दिशेला हवं. उलटी बसलेली क्लिप दगड किंवा काटकी लागून निघून जाते.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता पंधरा मिनिटांत निघतं. ट्यूबच्या टायरचं काम मोठं आणि तिथे एक चूक हमखास होते. टायर रिमच्या बाहेर काढताना लोक एका बाजूने लिव्हर जोरात ओढतात आणि समोरची कड रिमच्या काठावर तशीच बसलेली असते. ती गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली की लिव्हरच्या बाजूला हवी तेवढी ढील मिळते आणि फारसं बळ लागतच नाही. बळ लागायला लागलं की समजावं, समोरची कड वर आली आहे. लिव्हरने एका वेळी तीन-चार सेंटीमीटरच घ्यावेत. ट्यूबवर ठिगळापेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरने खरवडावी, सोल्यूशन पातळ लावावं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत पाचेक मिनिटं थांबावं. ओल्यावर लावलेलं ठिगळ उन्हात सुटतं. टायरच्या आतून फडकं फिरवून काटा किंवा खिळा अडकतो का ते बघावं. परत घालताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरावी, म्हणजे ती मुरडत नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही. शेवटचा घास व्हॉल्व्हपाशी घ्यावा, कारण तिथे व्हॉल्व्हमुळे टायरची कड खोलगट भागात उतरत नाही. ट्यूबला दुसरं भोक पडतं ते जवळजवळ नेहमी या शेवटच्या घासाला.

क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जास्तीच्या केबल बॅगेत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, टोकांना टेप लावून ठेवाव्यात. केबल तुटली की दोन्ही टोकं बदलली, झालं. टाकी उतरवायची गरज नाही. सोबत फ्यूज, लिव्हर, चेनची जोडकडी, पुढच्या चाकाची एक ट्यूब, ब्रेकपॅड, प्लग आणि इंजिनाच्या खालच्या भागाला दगडाने भोक पडलं तर बुजवायला इपॉक्सी पुट्टी, एवढं असलं की बहुतेक भागतं. निघण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं.

सामान खाली आणि पुढे हवं. मागच्या चाकाच्या मागे जड पेटी बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डोलायला लागतं. ॲल्युमिनियमच्या पेट्या छान दिसतात, कुलूपही लागतं. पण वाळूत किंवा चिखलात पाय टेकला आणि गाडी पुढे सरकली, तर तो पाय पेटीखाली सापडून घोटा मोडतो. कच्च्या रस्त्यांवर जाणार असाल तर कापडी बॅगाच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

धोक्याबद्दल गुळमुळीत लिहिणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली रस्त्यावर सुमारे ११.९ लाख माणसं गेली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार होती. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेलं आहे. तरीही बसमध्ये बसलेल्याला जितकं संरक्षण आहे तितकं दुचाकीवर मिळत नाही, हे मान्य करूनच निघावं. अंधार पडल्यावर चालवू नये. वळणावळणाच्या अनोळखी रस्त्यावर २५० किलोमीटर हा भरपूर दिवस झाला. दहा अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरने गेलात तर उघड्या त्वचेला चार-पाच अंशांसारखी थंडी लागते, बोटं बधिर होतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज वेगात इतका असतो की दिवसभराने कानच नव्हे, डोकंही थकतं. फोमचे इअरप्लग घालावेत, त्याने हॉर्न ऐकू येत नाही हा गैरसमज आहे.

खर्चाचं थोडक्यात. बस-रेल्वेचा खर्च अंतराप्रमाणे वाढतो. मोटरसायकलचा मोठा भाग निघण्याआधीच होतो. कारनेट, गाडी पाठवणं, विमा, कपडे, टायर. तो पाच-सहा महिन्यांवर पसरला तर परवडतो, पाच आठवड्यांवर नाही. दोघं एका गाडीवर असतील तर पारडं फिरतं, कारण पेट्रोल एकाचंच लागतं आणि तिकिटं दोन.

ज्यांना पाच-सहा आठवडेच मिळतात त्यांच्यासाठी मधला मार्ग चांगला आहे, आणि याबद्दल फारच कमी लिहिलं जातं. लांबचं अंतर रेल्वेने काढायचं आणि रस्ता हाच प्रवास आहे अशा पट्ट्यात आठवडाभर गाडी भाड्याने घ्यायची. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह सिटी १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. तो सगळा गाडीवर काढण्यात अर्धा वेळ ट्रकच्या मागे जातो, उत्तरेतल्या डोंगरात मात्र गाडी हवीच. भाड्याची गाडी घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नये. रोख अनामत द्यावी आणि पासपोर्टची प्रत. चारी बाजूंनी, टाकीच्या खालून आणि मीटरचा फोटो मालकासमोरच काढावा. पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकलून बघावी, हँडलमध्ये खटका लागला तर दुसरी मागावी. चाक उचलून प्रत्येक तार नखाने वाजवावी, सैल तार बद्द वाजते. आणि परवान्यातला ‘ए’ वर्ग इथेही लागतो.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे कुठल्याही मार्गावरचा लेख छापताना शेजारी एक छोटी चौकट द्यावी. त्या देशात गाडीला कारनेट लागतं की सीमेवरचा कागद पुरतो, कुठल्या कराराचा परवाना चालतो, दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर किती, आणि तोच मार्ग सॅकवाल्याने करायचा तर पहाटेची पहिली गाडी कुठून सुटते. लेखकांकडे ही माहिती असतेच, विचारली की देतील.

आपली विश्वासू,
एक वाचक